म्हापशातलं जुन्या बुलेटचं गॅरेज: आधी मीटर, मग पाना

इथं नुसता प्लग बदलून गाडी परत देत नाहीत. आधी मल्टिमीटर लावतात: 12 व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना 12.6च्या आसपास, रेस दिल्यावर 14च्या जवळ हवी. पण गोव्यात खरा चोर अर्थिंग, म्हणजे बॅटरीची फ्रेमला जोडलेली तार. खाऱ्या हवेनं फ्रेमवरच्या बोल्टाखालचं टर्मिनल कळकतं, हिरवं पडतं. ते पॉलिश पेपरनं घासून वर ग्रीस लावतात. पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) लावतात, 0.35 ते 0.40 मिमी. कार्बोरेटरची वाटी उघडून तळाचा गंज दाखवतात. पायलट जेट (गाडी मंद चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) तारेनं टोचत नाहीत, क्लीनर मारून हवेनं फुंकतात. तारेनं भोक मोठं होतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मात्र तपासत नाहीत; ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. थोडं चालून गाडी बंद पडते, झाकण उघडल्यावर सुरू होते, असं असेल तर आपणच सांगा.