पेनांग हिलला जाणार असाल तर एजंटाला पैसे देण्याआधी हे वाचा

नागपुरातून मलेशियाला जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे, म्हणून हे लिहिते आहे. सीताबर्डीतल्या एका टूर एजंटाने आमच्याकडून दोन गोष्टींचे पैसे खोटं सांगून घेतले.

पहिली व्हिसाची. "ताई, टेन्शन नका घेऊ, व्हिसा मी काढतो, तुम्ही फक्त पासपोर्टचे फोटो पाठवा," असं म्हणत त्याने माणशी साडेतीन हजार घेतले आणि एक पीडीएफ पाठवली. मुळात १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे ३० दिवसांपर्यंत फिरायला व्हिसा लागतच नाही. ती सवलत २०२६ अखेरपर्यंत आहे. त्याने पाठवलेलं होतं डिजिटल अरायव्हल कार्ड. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाच्या इमिग्रेशनच्या साइटवर आपणच भरायचं असतं, आणि एक रुपयाही लागत नाही.

दुसऱ्या प्रकाराचा मला जास्त राग आहे. माझ्या सासऱ्यांची सगळी नोकरी अजनीच्या लोको शेडमध्ये गेली. इंग्रजांनी उन्हाळ्यात राहायला बंगले बांधले तो पेनांग हिलचा डोंगर आणि त्यावर जाणारी १९२३ सालची फ्युनिक्युलर, एवढ्यासाठी ते या वयात विमानात बसले होते. दोरावर चालणारी रेल्वे. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि मधे दोघांची गाठ पडते. पूर्वी अर्ध्यावर गाडी बदलावी लागायची, २०११ पासून थेट वर जाता येतं. बाबांना हे सगळं पाठ होतं.

एजंटाने "फास्ट लेन"ची, म्हणजे लांब रांग टाळून जायची तिकिटं म्हणून परदेशी पर्यटकांच्या दराने पैसे घेतले होते. खालच्या स्टेशनवर तिकीट स्कॅन केल्यावर तिथल्या मुलीने मायकाड मागितलं. मायकाड म्हणजे मलेशियन नागरिकांचं ओळखपत्र. आमच्या हातात होती स्थानिकांची स्वस्त, साधी तिकिटं! मधला फरक त्याच्या खिशात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या दमट उकाड्यात पुन्हा काउंटरच्या रांगेत उभं राहावं लागलं.

तिकीट हिलच्या अधिकृत साइटवरच काढा. एजंटाकडून घेतलंच, तर त्यावरचा प्रकार नीट वाचा. मायकाडधारकांचं असेल तर आपल्याला चालत नाही. आणि जीएसटीचं बिल मागा. आमच्याकडून त्याने पैसे स्वतःच्या खासगी यूपीआयवर घेतले, बिल शेवटपर्यंत दिलं नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर व्हिसाचे पैसे परत आले. तिकिटांचे अजून आलेले नाहीत, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जात आहोत. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दाद मागता येते. तुमच्याकडूनही असे पैसे घेतले असतील तर यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. आमची तक्रार त्यावरच उभी आहे.