सुरीला शिसवाची मूठ : नऊ महिन्यांनंतर (पावसाळ्यात एकदा उखडली तेपण सांगते)

परवा शेजारच्या वहिनी त्यांची सुरी घेऊन आल्या, मूठ तडकलेली, म्हणाल्या टाकून देऊ का. म्हटलं थांबा. जानेवारीत माझंपण अगदी हेच झालेलं म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत डबे करते, रोजचे ३५, बुधवार-रविवारी मटणाचे धरून जास्तच. कांदा, कोबी, मटण सगळं एकाच आठ इंची सुरीवर. पातं अजून एक नंबर, पण प्लास्टिकची मूठ रिवेटपाशी चिरली आणि तळहाताला चिमटे बसायला लागले. जिथनं घेतली त्या दुकानात गेले तर, मूठ मिळत नाही ताई, ८५० ला नवीन घ्या. अहो पातं धडधाकट असताना नवीन का घ्यायची? लै राग आला, घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

भाचा उद्यमनगरात लेथवर आहे. त्यानं पात्याला जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी गुंडाळली, ड्रिलनं जुने रिवेट काढले आणि मूठ उघडली तर आत काळं चिकट पाणी, गंज आणि असा वास की मी दोन पावलं मागं सरले. याच हातानं मी लोकांचं जेवण करत होते! भाचा म्हणाला स्टेनलेसमधल्या क्रोमियमचा जो पातळ थर गंज अडवतो त्याला हवा लागते, फटीत हवा पोचत नाही पण मिठाचं पाणी बरोबर पोचतं. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या एका फटीत अडकलाय. मूठ दिसायला कशी आहे ते नंतर, आधी लोखंड आणि लाकूड यांच्या सांध्यावरनं नख फिरवायचं, नख अडकलं की काम फसलं.

ओळखीच्या फर्निचरवाल्यानं शिसवाचे तुकडे फुकट दिले. रिवेटसाठी ५ मिमी पितळी रॉड ६०, अराल्डाइट गोंद १३०, पॉलिश पेपर ४०, म्हणजे २३० रुपयात काम. घासताना तोंडाला मास्क लावा, शिसवाची धूळ घशाला लागते. आणि मशीनवर घासताना पातं हाताला सोसेल एवढंच गरम होऊ द्यायचं, जास्त तापलं तर गोंद सुटतो आणि अजून तापलं तर पात्याचं पाणीच उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडून धार टिकत नाही.

फेब्रुवारीत मी सगळ्यांना सांगत सुटले होते की लाकडासारखं काही नाही. ते आता थोडं मागे घेते. जूनच्या शेवटी पावसानं जोर धरला आणि एके सकाळी डाव्या बाजूला नख अडकलं. आठ दिवसात मुठीची त्या बाजूची फळी हलायला लागली. मला रडूच यायचं बाकी होतं.

चूक आमचीच होती, दोन ठिकाणी. शिसवात मुळातच तेल असतं, चिकटवायच्या आधी ते थिनरनं पुसायला हवं होतं ते राहिलं. दुसरं म्हणजे घट्ट बसावी म्हणून शिकंजा (क्लॅम्प) इतका आवळला की गोंद सगळा बाहेर आला, आत काही उरलंच नाही. जुलैत परत केलं. लाकूड आणि लोखंड दोन्ही जाड पेपरनं खरबरीत केलं, थिनरनं पुसलं, गोंद दोन्हीकडं भरपूर लावला, शिकंजा फक्त टेकवला आणि २४ तास हात लावला नाही. गोंद तिथं नुसता चिकटवायला नाही, पाणी अडवायलापण आहे, हे मला दुसऱ्या वेळी कळलं.

ऑगस्टमध्ये लाकूड फुगून कडेला किंचित वर आलं, नखाला जाणवायचं, पण फट नाही. आता ऑक्टोबरात परत सपाट. ओल्या हातात प्लास्टिकपेक्षा पकड चांगली, आणि मनगटाचं दुखणं कमी झालंय, निदान मला तरी तसं वाटतं.

एक मात्र आहे, ही सुरी सिंकमध्ये भिजत टाकायची नाही. भांडीवाल्या मावशींना दहादा सांगितलं, शेवटी मीच वापरल्या वापरल्या धुऊन पुसून ठेवते. महिन्यातनं एकदा अळशीचं कच्चं तेल अगदी पातळ चोळते आणि दोन-तीन दिवस वाळू देते, त्यामुळं तेव्हा दुसरी सुरी लागते. दुकानात तयार ‘बॉइल्ड’ मिळतं त्यात लवकर वाळायची औषधं असतात, ते स्वयंपाकाच्या वस्तूला नको. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, दोरीवर पसरून वाळवा.

वहिनींना रविवारी दुपारी सुरी घेऊन बोलावलंय, भाच्याला सुट्टी असते. शिसवाचा एक तुकडा उरलाय, त्यांच्या सुरीला पुरेल.