‘शंभर छर्रे होऊ द्या’ : साडेसोळा हजारांच्या स्कोपची गोष्ट

उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांनी वर्निअर चड्डीला पुसला, माझ्या एअर रायफलीच्या स्कोपच्या, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीच्या, नळीला लावला आणि म्हणाले, “पंचवीस पॉइंट चार. तीस कोण म्हणालं तुला?”

“विकणारा.”

“मग त्यालाच विचार की. हितं कशाला आलाईस?”

विचारलं, तर विकणारा मला ब्लॉक करून मोकळा झाला. म्हणून इथे लिहितोय.

मी कोल्हापूरचा, वय ४७. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आमच्या ओळखीत ज्याला त्याला नेमबाजीचं वेड लागलं. माझी एअर रायफल आधीपासूनच माळ्यावर होती, ती खाली आली. .१७७ बोअर, म्हणजे नळीचं भोक .१७७ इंचाचं, स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची, ताकद २० ज्यूलच्या आतली. म्हणजे परवान्याची भानगड नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर आमचं शेत आहे. तिथे मातीच्या ढिगाऱ्यापुढे २० मीटरवर डबे मांडायचे आणि उडवायचे, एवढाच माझा पराक्रम.

गंमत म्हणजे स्वप्नील ज्या प्रकारात खेळतो त्यात दुर्बीण चालतच नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत बारीक भोकाची पीप साइट असते, लक्ष्य मोठं करून दाखवणारा स्कोप नियमात बसत नाही. मला स्कोप हवा होता तो चाळिशीमुळे. मागची खाच, पुढचा काटा आणि लांबचा डबा या तिन्हींवर आता माझी नजर एका वेळी ठरत नाही. काटा दिसला की डबा पुसट, डबा दिसला की काटा गायब. स्कोपमध्ये फुली आणि डबा एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, डोळ्याला ताण नाही. म्हणजे माझी गरज होती चार ते नऊपट मोठं दाखवणाऱ्या साध्या स्कोपची. घेतला चोवीसपटीचा. इथेच मी अर्धा फसलो होतो, विकणारा भेटायच्याही आधी.

एअरगनवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात आली : ‘६-२४×५०, ३० एमएम ट्यूब, नायट्रोजन भरलेला, नावाजलेली कंपनी, भाऊ परदेशातून घेऊन आलाय, सील पॅक, सोबत माउंट फ्री.’ मागे फोटो सशाचा. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. वन्यजीव कायद्यानुसार सशाची शिकार गुन्हा आहे, आणि जो माणूस बिनदिक्कत सशाचा फोटो लावून माल विकतो त्याला बाकीच्या नियमांची काय पडलेली असणार? पण मी तो ससा बघितलाच नाही. मला २४ दिसला. आकडा मोठा असला की आपण माणसं येडी होतो, मग ती मोबाइलची मेगापिक्सेल असो की गाडीची सीसी.

हे आकडे वाचायचे कसे, ते आधी सांगतो, कारण सगळी लबाडी त्यातच आहे. ६-२४ म्हणजे रिंग फिरवून सहापटीपासून चोवीसपटीपर्यंत नेता येतो. ५० म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ३० म्हणजे मधल्या नळीची जाडी. ही साधारणपणे ३० मिलिमीटर किंवा एक इंच, म्हणजे २५.४ असते, आणि माउंटच्या, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, रिंगा त्याच मापाच्या घ्याव्या लागतात. चौथा आकडा जाहिरातीत नव्हता, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तो म्हणजे पॅरालॅक्स, डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते तो दोष, किती अंतरापासून जुळवता येतो. मोठ्या बंदुकांचे बरेच स्कोप १०० यार्डांवर कायमचे बांधलेले असतात. वीस मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की त्यातली फुली डब्यावरून सरकते. एअरगनला १० यार्डांपर्यंत खाली येणारा लागतो.

भाव २२ हजार. मी घासाघीस केली. तो म्हणाला, “सर, तुम्ही शौकीन माणूस आहात, तुमच्यासाठी साडेसोळा.” मी म्हटलं, आतून दाखवा. त्याने चौदा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला : स्कोपमधून दिसणारा लांबच्या एका देवळाचा कळस, त्यावर फडफडणारा भगवा, झेंड्याची शिवणसुद्धा दिसावी इतका लख्ख. मी त्याच रात्री यूपीआय केलं. बायको म्हणाली, निम्मे आता द्या, निम्मे माल बघून द्या. ती बँकेत आहे, तिला अशा गोष्टी कळतात. मी ऐकलं नाही.

खोका झकास होता. होलोग्राम, वॉरंटी कार्ड, काच पुसायचं फडकं. कार्डावर कंपनीच्या नावाखालीच स्पेलिंग चुकलेलं होतं, ते मला पुढे सहा आठवड्यांनी दिसलं.

आता माउंट. स्कोपच्या नादात माउंटकडे कुणी बघत नाही, आणि ‘फ्री’ म्हटल्यावर तर नाहीच. माझ्या रायफलीवर एअरगनची नेहमीची ११ मिलिमीटरची खाचपट्टी आहे, डव्हटेल म्हणतात ती. खोक्यात आल्या त्या पिकॅटिनी पट्टीच्या रुंद रिंगा, म्हणजे २१ मिलिमीटरच्या पट्टीवर बसणाऱ्या. सोबत मधे घालायला एक अॅडाप्टर. आणि रिंगांना आतून काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली. मी विचारलं, ही टेप कशाला? “सर, नळीला ओरखडा येऊ नये म्हणून.” किती काळजी घेतो, म्हटलं! ती टेप ३० च्या रिंगेत २५.४ ची नळी हलू नये म्हणून होती. साडेचार मिलिमीटरची फट, टेपने भरलेली.

स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का वेगळा असतो. आतला पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन टोकाला जाऊन थडकला की तीच बंदूक पुढे हिसका खाते. मागे आणि लगेच पुढे, असा दुहेरी. खऱ्या बंदुकीवर आयुष्यभर टिकणारा स्कोपसुद्धा या हिसक्याने मोडू शकतो, कारण त्याच्या आतले भाग एकाच दिशेचा धक्का धरून घट्ट केलेले असतात. आणि दर हिसक्याला स्कोप बंदुकीवरून थोडा थोडा मागे सरकतो. म्हणून चांगल्या एअरगन माउंटला खाली एक खिळा असतो, स्टॉप पिन. तो रायफलीच्या पाठीवरल्या भोकात उतरतो आणि माउंटला जागचं हलू देत नाही. माझ्या रायफलीला ते भोक आहे. फुकटच्या माउंटला खिळा नव्हता.

पहिल्याच दिवशी छर्रे कुठेही जायला लागले. दोन डब्याच्या कानाला, तिसरा मातीत. रिंग ६ वर ठेवून नेम जुळवायचा, २४ वर न्यायची, की नेम दोन बोटं डावीकडे. मी त्याला फोन केला. त्याने जे सांगितलं त्याला मी आजही दाद देतो.

“दादा, नवीन स्कोप आहे, शंभर छर्रे होऊ द्या. आतली स्प्रिंग बसायला वेळ लागतो. घाई करू नका.”

सरवरून दादावर आला होता, ते मला आवडलं. परत करायची मुदत सात दिवस. मी शनिवार-रविवारचा नेमबाज. शंभर छर्रे व्हायला मला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत मी माझा हात कच्चा ठरवला, श्वास चुकतोय म्हणून प्राणायाम केला, छर्रे हलके म्हणून तीन प्रकारच्या डब्या आणल्या. एकदाही स्कोपवर संशय घेतला नाही. साडेसोळा हजारांची वस्तू चुकीची असेल हे मन कबूलच करत नाही, त्यापेक्षा आपणच चुकीचे हे सोपं जातं. चांगला स्कोप खोक्यातून निघाल्या दिवसापासून धड चालतो. त्याला ‘बसायला’ काही लागत नाही.

दिवाळीनंतरच्या एका पहाटे काचेच्या आतल्या बाजूने वाफ धरली. बाहेरून पुसतोय आणि जात नाही. ज्या नळीत कोरडा नायट्रोजन भरून तोंडं बंद केलीत तिच्या आत पाणी येणार कुठून? तेव्हा कुठे ट्यूब पेटली. त्याच आठवड्यात लक्षात आलं की माउंट पट्टीवरून चार मिलिमीटर मागे आलाय आणि रायफलीच्या पाठीवर दोन चकचकीत ओरखडे पडलेत. ते मात्र आता कायमचे.

मग मी जे खरेदीच्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, स्वयंपाकघराच्या टेबलावर, मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन.

स्कोप हातभर लांब धरून उजेडाकडे करा. मागच्या काचेत एक उजळ गोल दिसतो. त्याचा व्यास म्हणजे पुढच्या काचेचा व्यास भागिले पट. ५० भागिले २४ म्हणजे दोन मिलिमीटरच्या जरासा वर यायला हवा. माझा, रिंग २४ वर असताना, तीन भरला. तीन म्हणजे ५० च्या काचेला जेमतेम सतरापट. पण थांबा, काच तरी ५० ची कुठे होती? घरातले दिवे मालवून दीड-दोन मीटरवरून मागच्या काचेत टॉर्च मारला आणि पुढच्या काचेला बटर पेपर लावला. कागदावर उजेडाचा गोल पडला ३६ मिलिमीटरचा. काच ५० चीच, पण आत काळ्या प्लास्टिकची चकती बसवून भोक लहान केलेलं. वाईट काचेच्या कडा धूसर दिसतात, त्या झाकायला ही युक्ती. ३६ भागिले ३, बारा. माझा चोवीसपटीचा स्कोप बारापटीचा होता. कागदावरचा तो गोल बघत मी बराच वेळ टॉर्च धरून बसलो. मुलगा म्हणाला, “पप्पा, हे आमच्या फिजिक्समध्ये आहे.”

दुसरी परीक्षा शेतावर. स्कोपच्या टोपणाखाली दोन चकत्या असतात, नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे न्यायच्या. दर क्लिकला पाव एमओए असं खोक्यावर छापलं होतं; एमओए म्हणजे कोनाचं बारीक माप, अंशाचा साठावा भाग. वीस मीटरवर त्याचे होतात जवळपास दीड मिलिमीटर. म्हणजे ४० क्लिक दिले की छर्रा ५८ मिलिमीटर सरकला पाहिजे. ४० उजवीकडे, ४० वर, ४० डावीकडे, ४० खाली, असा चौकोन पूर्ण केला की छर्रा पहिल्या भोकाजवळ यावा. माझा ३५ वर थांबला आणि परत येताना तिसऱ्याच ठिकाणी गेला. चौकोन काढायचा होता, शेपटी उडालेला पतंग निघाला. ही परीक्षा करताना माउंट मात्र पक्का हवा, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. मी त्या दिवशी मित्राकडून खिळ्याचा माउंट आणि बरोबर मापाच्या रिंगा मागून आणल्या होत्या.

आणि एक गोष्ट, ज्याला छर्राही लागत नाही : स्कोप उशांमध्ये नीट रोवा, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर फुली ठेवा आणि हात हलू न देता पट वाढवायची रिंग फिरवा. फुली ठिपक्यावरून सरकली तर तो स्कोप घेऊ नका. माझी कॅलेंडरावरच्या चतुर्थीवरून षष्ठीवर गेली.

मग उद्यमनगर. काकांनी माउंटही तपासला. कानशीने कोपरा घासला, हातात तोलला. “ॲल्युमिनियम न्हाई हे. जस्ताचं ओतकाम हाय. स्क्रू आवळशील तर आटे जातील.” दोन स्क्रूंचे आटे आधीच गेले होते. “आणि तू एवढा का आवळलास? नळी बघ, चेपली.” रिंगेचे स्क्रू दोन न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे लहान एलन पान्याने दोन बोटांनी आवळायचे असतात. मी माउंट सरकतोय म्हणून तो सगळा जोर लावून आवळत गेलो होतो. काकांनी पैसे घेतले नाहीत. चहा मीच पाजला.

विकणाऱ्याला हे सगळं लिहिलं, फोटोंसकट. उत्तर आलं, “स्प्रिंगच्या गनवर लावला का? मग वॉरंटी गेली.” जाहिरात एअरगनच्या ग्रुपवर होती, आणि माझी रायफल कुठली ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढच्या संदेशाला एकच टिक. ज्या कंपनीचं नाव होतं तिला सिरीयल नंबर पाठवला. त्यांनी कळवलं की असा नंबर आमच्या मालावर नसतो.

१९३० वर फोन केला. ऑनलाइन पैसे गेले की हा नंबर तासाभरात लावला तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. मी लावला सहा आठवड्यांनी. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाही. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, “बंदूक कुठाय?” रायफलीचं बिल नेलं होतं म्हणून बरं. असला माल विकणारे नेमके याच प्रश्नावर जगतात. बंदुकीशी संबंधित वस्तू म्हटली की निम्मे लोक चौकीची पायरी चढतच नाहीत. तुमच्याकडे बिल असेल तर खुशाल चढा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली, पण विकणाऱ्याचं ना दुकान, ना पावती, ना पत्ता.

आता मी ३-९×४० वापरतो. पुढची कडा फिरवून १० यार्डांपर्यंत पॅरालॅक्स जुळतो, एकाच तुकड्याचा डव्हटेल माउंट आहे, खाली खिळा. दोन्ही मिळून त्या साडेसोळाच्या निम्म्यात आलं, बिलासकट. दुकानात मी पट्टी काढली तेव्हा दुकानदार हसला, पण बघू दिलं. ४० भागिले ९, साडेचारच्या किंचित आत. भरला तेवढाच.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर जाहिरात आली. ‘६-२४×५०, शेवटचा एक पीस, अठरा हजार.’ खाली चौदा सेकंदांचा व्हिडिओ, तोच कळस, तोच झेंडा. या वेळी झेंडा सोडून फुली बघितली. बारीक साध्या रेषा, ठिपका एकही नाही. माझ्या कपाटातल्या स्कोपच्या फुलीवर ठिपके आहेत.

मी खाली लिहिलं, “पट्टी घेऊन बघायला येऊ का?”

दोन मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं.