झूनिव्हर्स: शोधकार्यात प्रत्यक्ष सहभागी करून घेणारी सेवा

केवळ शोधांच्या बातम्या वाचून ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी झूनिव्हर्स हे, सामान्य स्वयंसेवकांना संशोधनातील चित्रे व नोंदी तपासू देणारे, विनामूल्य संकेतस्थळ अवश्य वापरावे. २००७ साली सुरू झालेल्या 'गॅलेक्सी झू' प्रकल्पातून ते २००९ मध्ये आकाराला आले.

'गॅलेक्सी झू'मध्ये पडद्यावर एकच दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) दिसते आणि तिच्याविषयी साधे प्रश्न विचारले जातात: ती गुळगुळीत आहे की तबकडीसारखी, सर्पिल भुजा दिसतात का, दिसत असल्यास किती? तेच चित्र अनेकांना दाखवून उत्तरांचा मेळ घातला जात असल्यामुळे एखाद्या नवख्याच्या चुकीने निष्कर्ष बिघडत नाही, आणि ही योजना मला सर्वांत मोलाची वाटते.

येथील सहभाग नाममात्र नाही. हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला २००७ मध्ये आयसी २४९७ या दीर्घिकेजवळ एक विलक्षण वायुमेघ आढळला. त्या दीर्घिकेच्या केंद्रातील, आता मंदावलेल्या क्वेझारच्या (कृष्णविवरामुळे अतितेजस्वी झालेल्या केंद्राच्या) प्रारणाने तो उजळला असल्याचे पुढील अभ्यासातून दिसले. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश घटतो, त्यावरून ग्रह शोधणाऱ्या 'प्लॅनेट हंटर्स' या प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी केप्लर अंतराळ दुर्बिणीच्या नोंदींतून केआयसी ८४६२८५२ हा तारा हेरला, ज्याचा प्रकाश एकदा सुमारे २२ टक्क्यांनी घटला होता. गुरूएवढा ग्रहसुद्धा सूर्यासारख्या ताऱ्याचा जेमतेम १ टक्का प्रकाश अडवतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या नोंदीचे महत्त्व कळते.

काम चिकाटीचे आहे आणि बहुतेक चित्रांत नवे काही सापडत नाही. नवशिक्यांनी याच संकेतस्थळावरील इतर प्रकल्पांत जंगलातील कॅमेऱ्यांनी टिपलेले प्राणी ओळखण्यापासून सुरुवात करावी. ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख त्यानंतर हाती घ्यावेत.