रेस्टिक आठ महिने वापरल्यावर : चालू सर्व्हरवरच्या डेटाबेसचा बॅकअप

मी बेळगावच्या टिळकवाडीत बसून आसपासच्या लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. शहापूरचं साड्यांचं दुकान, कुरिअरने कुंदा मिठाई पाठवणारे एक काका, खानापूर-निपाणीकडचे दोघंतिघं, सगळं एकाच व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर), आणि गेले आठ महिने बॅकअपला रेस्टिक नावाचं सॉफ्टवेअर वापरायलोय.

आधी काय झालं ते सांगतो. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर काकांच्या साइटवरचं ऑर्डरचं टेबल प्लगिन अपडेटमध्ये उडालं. मी निवांत होतो, रोज रात्री 2 वाजता क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा) चालतोय, फाइलीपण दिसायल्यात की. उघडून बघतो तर डम्प, म्हणजे डेटाबेसची काढलेली प्रत, अर्ध्यात तुटलेला, शेवटची 'डम्प कम्प्लीटेड'ची ओळच नाही, आणि मागच्या फाइलीपण तशाच. मायएसक्यूएल डेटाबेसचा डम्प फाइल लहान करणाऱ्या जीझिपला पाइप केला होता, म्हणजे थेट जोडून दिला होता, आणि कमांड चालवणाऱ्या शेलला शेवटच्या कमांडचा म्हणजे जीझिपचाच निकाल कळतो, डम्प मध्येच मेला तरी सगळं ठीक म्हणून सांगणार. पाइपफेल, म्हणजे मधली कमांड फेल झाली तरी कळवणारी सेटिंग, लावायला पाहिजे होतं, मला माहीतच नव्हतं. दोन रात्री काकांच्या घरी बसून वहीतनं आणि व्हॉट्सॲपवरनं ऑर्डरी परत भरल्या. काका रागावले नाहीत, चहा देत राहिले, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रेस्टिकमध्ये 0.17 आवृत्तीपासून डम्पची कमांड त्यालाच चालवायला देता येते आणि ती फेल झाली तर स्नॅपशॉट (त्या वेळचा बॅकअप) बनतच नाही, माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं. डम्प जीझिप न करता द्यायचा, मग कालच्यातला न बदललेला भाग तो परत साठवत नाही आणि कॉम्प्रेस स्वतःच करतो. सगळं एन्क्रिप्ट होऊन दुसऱ्या सर्व्हरवर जातं. पासवर्ड हरवला तर डेटा गेला, कुणी काढून देऊ शकत नाही, म्हणून मी कागदावर लिहून घरी एक आणि भावाकडे एक ठेवलाय.

साइट चालू असताना डम्प घ्यायचा तर सिंगल ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावा, म्हणजे डम्पमध्ये एकाच क्षणाचा डेटा येतो, पण ते इनोडीबी प्रकारच्या टेबलांनाच चालतं. साड्यांच्या साइटवर जुनी मायआयसॅम टेबलं निघाली, ती आधी बदलून घेतली. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ8एमबी4 द्या. मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ8 मध्ये अक्षराला 3 बाइटच मिळतात, मराठी-कन्नड त्यात बसतं म्हणून माझ्या कधी लक्षात आलं नाही, इमोजीला 4 लागतात, त्यांची प्रश्नचिन्हं झाली होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी वेगळ्या मशीनवर रिस्टोर करतो आणि काकांना फोन करतो, तुमच्या वहीत त्या दिवशीची शेवटची ऑर्डर कुठली? ते वही काढतात, नंबर सांगतात, जुळला की "होय रे, तीच" म्हणतात.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. एकच टेबल पाहिजे असेल तर पूर्ण डम्प काढून त्यातनं शोधावं लागतं, तिथं मायडम्पर हा दुसरा प्रोग्राम बरा, टेबलवार फाइली करतो. फॉरगेट कमांडने जुने स्नॅपशॉट यादीतनं जातात पण जागा मोकळी होत नाही, त्याला प्रून कमांड चालवावी लागते, माझी डिस्क एकदा त्यातच भरली. आणि सर्व्हर कुणी हॅक केला तर तिथनंच बॅकअप पुसता येतो, म्हणून मी पलीकडे रेस्टिकचा रेस्ट सर्व्हर अपेंड-ओन्ली (नवं भरता येतं, जुनं पुसता येत नाही) करून ठेवलाय, प्रून तिकडच्याच मशीनवरनं करतो.

रात्री 2 नंतर आलेल्या ऑर्डरी मात्र अजून उघड्यावरच आहेत. त्यासाठी बिनलॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) दर पंधरा मिनिटांनी बाहेर पाठवायचं काम सध्या करायलोय, यंदाच्या गणपतीआधी काकांच्या साइटवर ते चालू व्हायलाच पाहिजे.