खाचेची मँटेल फळी: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

मँटेल म्हणजे फायरप्लेसच्या, भिंतीतल्या शेकोटीच्या, वर बसवायची फळी. ती बसवल्यावर लगेचच मी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. आज त्यातले तारे काढून घ्यायला आलेय. फळीच्या उजव्या टोकाला तडा गेलाय. तो बरोबर खाचेच्या कोपऱ्यातून निघून बोटभर आत शिरलाय, आणि त्यावर कंपनीचं पहिलं उत्तर आलं की लाकूड हा नैसर्गिक पदार्थ आहे. ते मला ठाऊक होतं. म्हणूनच तर लॅमिनेटची स्वस्त फळी सोडून ओकची सलग फळी घेतली आणि तिचे जादा पैसे मोजले.

मापं विक्रीच्या पानावर आहेतच, तरी संदर्भासाठी: लांबी १५० सेंटिमीटर, खोली १८, जाडी ४, आणि भिंतीत लपणाऱ्या लोखंडी ब्रॅकेटवर बसणारी. आमची फायरप्लेस विटांची आहे, खरी लाकडं जाळायची, आणि थंडीत संध्याकाळ झाली की ती पेटतेच. तुमच्याकडे नुसत्या दिव्यांच्या ज्वाळा दाखवणारी इलेक्ट्रिक असेल, तर तिची गरम हवा कुठून बाहेर पडते तेवढं बघा आणि खालचा अर्धा भाग सोडून दिलात तरी चालेल. खाचेबद्दलचं मात्र वाचा.

तर खाच. फळीच्या पाठीमागच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, २ सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटर खोल अशी एक सरळ खाच कोरलेली आहे. फोटोफ्रेम घसरू नये म्हणून. जाहिरातीत हिचाच सगळा गाजावाजा आहे आणि मीही तिलाच भुलले, कारण भिंतीला खिळे न मारता फ्रेम बदलता येतील हा विचार चांगलाच आहे. पण ही खाच कोरणाऱ्याने तिच्यात कधी फ्रेम ठेवून पाहिली असेल असं मला वाटत नाही. फ्रेमचा पाय भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे आणि डोकं भिंतीला टेकलेलं, तर ती किती कलणार हे तिच्या उंचीवर ठरतं. ६० सेंटिमीटर उंचीचं चित्र जेमतेम ५ अंश कलतं आणि छान दिसतं. तिथेच १५ सेंटिमीटरचा घरचा फोटो जवळपास २० अंश मागे जातो. आमचे सगळे नातेवाईक आरामखुर्चीत रेलून छताकडे बघत बसल्यासारखे दिसत होते.

आरशाचं तर विचारूच नका. मँटेलवर आरसा हवा, खोली मोठी वाटते, समोरच्या खिडकीचा उजेड परत खोलीत येतो, हे सगळं खरं. पण आरसा ५ अंश मागे झुकला की त्यात दिसणारं दृश्य १० अंश वर सरकतं. म्हणजे खिडकीऐवजी छत, आणि छताला लावलेला दिवा थेट डोळ्यात. शेवटी आरसा भिंतीवरच टांगला, खिळे मारून. म्हणजे ज्या कामासाठी खाच होती ते काम खिळ्यांनीच केलं.

बरं, खाच रिकामी ठेवावी तर तिच्यापुढे उरते ११ सेंटिमीटर जागा. मेणबत्तीचा बारीक बुडाचा स्टँड जरा मागे सरकला की एक कड खाचेत जाऊन तो डुगडुगतो. फुलदाणीचं बूड रुंद असेल तर ती खाचेवर आडवी बसते, पण मग तिच्या खाली काय साचतंय ते कळत नाही. साचतं सगळंच: राखेची बारीक पूड, मेणाचे कण, सुकलेल्या फांद्यांचा चुरा. व्हॅक्यूमचा ब्रश खाचेत शिरत नाही, ओलं फडकं फिरवलं तर राखेचा चिखल होतो. मी जुना दातांचा ब्रश वापरते. इतकं महागाचं फर्निचर घेऊन दातांच्या ब्रशने साफ करायचं, यावर नवरा अजून हसतोय.

आता उष्णतेचं. विक्रीच्या फोटोंमध्ये फळीवर डझनभर वस्तू असतात आणि खालची आग कधीच पेटलेली नसते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आग पेटली की गरम हवा फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या कडेखालून खोलीत येते, फळीच्या पोटाला लागते, तिथून पुढे सरकून पुढच्या कडेला वळसा घेत वर चढते. त्यामुळे फळीवर सगळ्यात गरम पट्टा असतो तो पुढच्या कडेचा, आणि भिंतीलगतची जागा त्या मानाने गार. पॅराफिन मेण साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं, पण मऊ पडून वाकायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. पुढच्या कडेच्या माझ्या उंच मेणबत्त्या न पेटवताच खोलीकडे झुकल्या. मग बॅटरीवर चालणाऱ्या आणल्या, तर त्यांचंही बाहेरचं कवच खऱ्या मेणाचं निघालं. त्या वाकल्या नाहीत, नुसत्या घामेजल्यासारख्या चकाकल्या. घेताना कवच प्लॅस्टिकचं आहे की मेणाचं ते वाचा, आणि बॅटऱ्या महिनोन्महिने आत ठेवू नका. ऊब लागून गळल्या की आतल्या पट्ट्या गंजतात.

याची एक चांगली बाजूही आहे, आणि तिचं श्रेय फळीला द्यायला हवं. फळी जितकी खोल, तितकी ती गरम हवा भिंतीपासून लांब ढकलते. आमची भिंत फळीच्या वर हाताला जेमतेम कोमट लागते. टीव्ही लावणाऱ्यांना हे महत्त्वाचं, कारण बहुतेक टीव्हींच्या माहितीपत्रकात भोवतालचं तापमान ४० अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. आम्ही टीव्ही तिथे लावला नाही. फळी मुळातच छातीच्या वर, त्याच्याही वर पडदा, आणि सोफ्यावर बसून मान वर करून कोण बघणार? तैलचित्रही लावू नका. ऊब, कोरडेपणा आणि काजळी, तिन्ही त्याच्या मुळावर येतात. आमच्याकडे छापील चित्र आहे, खराब झालं तर दुसरं छापून आणू.

तड्याकडे वळते. तक्रार नोंदवल्यावर कंपनीने आधी म्हटलं की फळी आगीच्या फार जवळ बसवली असणार. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेतला नियम मी फळी बसवण्याआधीच वाचून ठेवला होता: विटांच्या फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड नको, आणि १२ इंचांच्या आत असेल तर दर इंच अंतरामागे पाव इंचाच्याही निम्म्याने, म्हणजे एक अष्टमांश इंचाने, पुढे आलेलं चालतं. १८ सेंटिमीटर खोल फळीला याचा अर्थ एवढाच की ती १२ इंचांच्या, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरच्या वरच हवी. आमची ३५ वर आहे. टेप लावून फोटो पाठवला. (गॅसची फायरप्लेस असेल तर हा हिशोब लावू नका. तिच्या पुस्तिकेत फळीच्या खोलीचा आणि उंचीचा वेगळा तक्ता असतो, तोच पाळायचा.)

मग विचारलं, खोलीत आर्द्रता किती? मग, खिडक्या उघडता का? मग म्हणाले, तडा भरायची मेणाची कांडी फुकट पाठवतो. फळी परत पाठवायची तर वाहतुकीचा खर्च माझा. इथे माझं डोकं फिरलं. खर्च फार होता म्हणून नाही, तो माझा का, म्हणून.

ब्रॅकेटवरून फळी उतरवली आणि उलटी करून पाहिली. वरच्या आणि पुढच्या बाजूला पॉलिशचे व्यवस्थित हात मारलेले. पोट कोरं. दोन्ही टोकंही कोरी. लाकडाचं साधं गणित आहे: ओलावा गेला की ते रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. एका बाजूला पॉलिश आणि दुसरी कोरी असली की कोरी बाजू लवकर सुकते आणि फळी त्या बाजूला वळते. इथे कोरी बाजू नेमकी आगीच्या तोंडावर! पोट आकसलं, वरची बाजू फुगली, पुढची कड किंचित खाली आली. टोकांतून तर ओलावा सपाट बाजूपेक्षा कितीतरी वेगाने जातो, म्हणून तडा टोकालाच सुरू होतो. आणि तो जाणार कुठून, तर जिथे ४ सेंटिमीटरची फळी खाचेमुळे पावणेतीनचीच उरलीय तिथून. हे सगळं, कोऱ्या पोटाच्या फोटोंसकट, लिहून पाठवलं.

त्यानंतर मात्र चित्र पालटलं, हेही लिहायला हवं. त्यांच्या कारखान्यातल्या एका माणसाचा फोन आला. ग्राहक सेवेतला गोडगोड सूर नाही, सरळ बोलला: "मॅडम, टोकं सील करायला हवी होती, त्या खेपेत राहिलं." नवी फळी पाठवली, वाहतूक त्यांची, जुनी परत मागितली नाही. नवी फळी सगळीकडून पॉलिश केलेली आहे, टोकांना जास्तीचे हात दिलेत. शिवाय मी मागितली म्हणून फळीच्या पोटाखाली, पुढच्या कडेजवळ लावायची पातळ धातूची पट्टीही आली. ती गरम हवा आधीच बाहेर वळवते. खालून वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही, आणि माझ्या मते ही पट्टी प्रत्येक फळीबरोबर आलीच पाहिजे. तिच्यामुळे पुढच्या कडेचा चटका बराच उतरला. मेणबत्त्या तरीही मी मागेच ठेवते.

खाच? आहे ना. नव्या फळीतही आहे. तेवढ्याच मापाची, त्याच जागी. "ती आमच्या डिझाइनची ओळख आहे," असं कळलं.

लाकूड मात्र सुरेख आहे, त्यावर एक शब्द वावगा बोलणार नाही. रेषा दाट, काजळी फडक्याने निघते, ओरखडे अंगात जिरतात. फक्त ओकवर ओलं लोखंड ठेवू नका. ओकमध्ये टॅनिन असतं, त्याला लोखंड आणि पाणी भेटलं की निळसर काळा डाग पडतो. माझ्या ओतीव लोखंडी स्टँडखाली फुलदाणीचं पाणी झिरपलं आणि गोल ठसा उमटला. ऑक्झॅलिक ॲसिडने तो जातो, हातमोजे घालून आणि खिडकी उघडून, पण मग तेवढ्या भागाचं पॉलिश पुन्हा करावं लागतं. स्टँडखाली बुचाची चकती चिकटवली की प्रश्नच मिटतो.

सजावटीचं एवढं वाचून कोणी विचारेल, मग ठेवलंय काय? कंपनीचा "स्टायलिंग संच" मी घेतला नाही. फळीच्या निम्म्या किमतीत तीन मातकट फुलदाण्या आणि मण्यांची माळ, एवढंच त्यात होतं. घरातल्याच वस्तू वापरल्या. आरसा फळीच्या लांबीच्या दोन तृतीयांश, साधारण १०० सेंटिमीटर रुंद. याहून अरुंद असला की फळीवर तरंगल्यासारखा दिसतो, फळीएवढाच असला की जड होतो. डावीकडे उंच फुलदाणीत कोरड्या फांद्या, तिच्यापुढे थोडी झाकोळून मध्यम उंचीचं चित्र, उजवीकडे बुटकं घड्याळ आणि आडवी ठेवलेली दोन पुस्तकं. मधली जागा रिकामी. वस्तू विषम संख्येतच मांडायच्या हा नियम लोक अंधश्रद्धेसारखा पाळतात, पण तो जुना आहे. सतराव्या शतकापासून युरोपात चिनी मातीच्या भांड्यांचे संच खास मँटेलसाठी मांडत, त्यांना गार्निचर म्हणतात, आणि ते बहुधा तीन, पाच किंवा सातचे असत. तेव्हा मात्र दोन्ही बाजू सारख्या असायच्या. मला सारख्या बाजू आवडत नाहीत, खोली पाहुण्यांसाठी थांबून राहिल्यासारखी वाटते. फांद्या आणि माळा कडेवरून खाली लोंबू देऊ नका, निदान आग पेटलेली असताना. फोटोत सगळ्यांच्या लोंबतात, आणि मी आधी म्हटलं तसं, त्या फोटोत आग नसते.

खाचेचा निकाल शेवटी सुताराने लावला. जुनी तडकलेली फळी होतीच. तिच्यातूनच त्याने खाचेच्या मापाची लांब पट्टी कापून दिली, रेषा जुळवून, अर्धा मिलिमीटर सैल ठेवून, म्हणजे हवामानाप्रमाणे फुगायला जागा राहील. गोंद लावू दिला नाही मी, वॉरंटीवरून उद्या नवं भांडण नको. पट्टी दाबून बसवली आहे, वाटलं तर नखाने निघते. फळी सपाट झाली, स्टँड डुगडुगत नाही, दातांचा ब्रश परत मोरीत गेला. ज्यांना मोठी चित्रं टेकवून ठेवायची आहेत त्यांनी ही फळी खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी घेण्याआधी कंपनीला विचारावं की बिनखाचेची मिळेल का, आणि पोट कोरं नाही ना, याचा फोटो मागून घ्यावा.

काल कंपनीचा निरोप आला, नवी फळी मिळाल्यावर अभिप्राय बदलाल का म्हणून. बदलला. दोनवर जाणार होते, तीन दिलेत. चौथा त्या पट्टीचा आहे, तो सुताराचा.