‘फक्त पिस्टन जाम आहे’ म्हणून विकलेलं चेतकचं इंजिन

जाम इंजिनाची जुनी स्कूटर घेणारा माणूस एकच गोष्ट विचारतो: सुटेल ना? आणि विकणाऱ्याचं उत्तर तयारच असतं. “फक्त पिस्टन जाम आहे काका, उभी राहून राहून. प्लगमधून डिझेल टाका, दोन-चार दिवसांत मोकळं होतंय.”

ज्या चेतकची ही हकिगत आहे ती याच वाक्यावर ४५,००० रुपयांना विकली गेली. सत्तरच्या दशकातली, पॉइंटवाली (जुन्या पद्धतीच्या इग्निशनची), पत्रा बरा, कागदपत्रं जागेवर. इंजिन ‘कंपनीतून आल्यापासून उघडलेलंच नाही’ असं विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलं होतं. उघडल्यावर आत निघालं ते असं: क्रँक (पिस्टनच्या ये-जाने फिरणारा दांडा) एका गाडीचा, ब्लॉक (पिस्टन ज्यात सरकतो तो भाग) दुसऱ्या गाडीचा, गिअर क्लस्टरचे (एका दांड्यावरच्या गिअरांच्या गड्ड्याचे) दात उडालेले आणि केसिंगचे, म्हणजे इंजिनाच्या कवचाचे, दोन भाग दोन निरनिराळ्या इंजिनांचे. चांगला माल आधीच काढून विकलेला आणि उरलेल्या भंगाराची मोट बांधून ‘ओरिजिनल जाम इंजिन’ तयार केलेलं.

हे खपतं, कारण चालू इंजिन बोलतं. किक मारली की कॉम्प्रेशन कळतं, आवाजावरून बेअरिंग कळतं, चालवून बघितलं की चारही गिअर कळतात. जाम इंजिन गप्प बसतं आणि त्यातला प्रत्येक दोष ‘जाम आहे ना’ या एका वाक्याखाली झाकला जातो. त्यात चेतक म्हणजे १९७२ पासून आकुर्डीत बनलेली, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली घरोघरची गाडी. घेणाऱ्याचं मन आधीच पाघळलेलं असतं.

पण जाम इंजिन पूर्ण मुकं नसतं. पैसे देण्याआधी, इंजिन न उतरवता, बरंच तपासता येतं. त्यासाठी या इंजिनातली ताकद कुठून कुठे जाते ते डोक्यात पक्कं हवं. क्रँकच्या एका टोकाला मॅग्नेटचा पंखा, दुसऱ्या टोकाला क्लच. क्लच फिरवतो क्लस्टरला, क्लस्टरचे दात मागच्या चाकाच्या शाफ्टवरच्या गिअरांना. किकही क्लस्टरवरूनच क्लचमार्गे क्रँकपर्यंत पोचते.

म्हणजे क्रँक खरोखर जाम असेल तर न्यूट्रलमध्ये मारलेली किक दगडावर पाय पडल्यासारखी अडली पाहिजे. क्लच दाबला की तीच किक मोकळी जायला हवी. या गाडीची किक क्लच न दाबताच सैल जात होती आणि पंखा तसूभर हलत नव्हता. विकणाऱ्याने सांगितलं, किकची स्प्रिंग गेलीय. स्प्रिंग गेली तर किक वर येत नाही, एवढंच. खाली जाताना ती रिकामी जात असेल, तर किक आणि क्रँक यांच्यामध्ये काहीतरी तुटलेलं आहे, घसरतंय किंवा मुळात नाहीच.

दुसरी परीक्षा चाकाची. मागचं चाक उचला, न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा. फिरलं नाही तर आधी ब्रेक शू ड्रमला चिकटलेत का बघा, मग बेअरिंग. नंतर एकेक गिअर टाकून, क्लच दाबून धरून चाक फिरवा. क्रँक जाम असला तरी क्लस्टर फिरतो, त्यामुळे दात गेलेले असतील तर त्या गिअरमध्ये झटका बसतो किंवा चाक मध्येच निसटतं. (बरीच वर्षं उभ्या गाडीत क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात, मग चाक फिरत नाही. तेवढ्यावरून गिअर बॉक्सला दोष देऊ नये.) या गाडीच्या गिअरच्या आणि क्लचच्या केबली काढून टाकलेल्या होत्या, ‘कुजल्या म्हणून’. केबली कुजतात, खरं आहे. पण हँडलमधून येणाऱ्या पाच केबलींपैकी नेमक्या परीक्षेला लागणाऱ्या तीनच (गिअरच्या दोन, क्लचची एक) नाहीत आणि ब्रेकची, अ‍ॅक्सिलरेटरची शाबूत आहेत, तेव्हा समजून जावं. केबल नसली तरी अडत नाही: क्लच कव्हरवरचा आर्म पकडीने ओढता येतो आणि गिअरचा सिलेक्टर इंजिनाजवळ हाताने फिरवता येतो.

तिसरी गोष्ट मळाची, आणि ती टॉर्च घेऊन बघावी. इंजिनाचा खरा मळ सगळीकडे सारखा नसतो. गिअर बॉक्सच्या खाली, ड्रेन बोल्टच्या आसपास तो जाड आणि चिकट असतो. पंख्याच्या आवरणाच्या आत कोरडी धूळ, गवताच्या काड्या, कधी कुंभारणीचं घर, हे सगळं ब्लॉकच्या फिन्समध्ये वाऱ्याने ठासलेलं असतं. बोल्टच्या डोक्याभोवती मळाची अखंड साय दिसते. या इंजिनावर काळं ऑइल आणि माती कालवून फडक्याने फासलेली होती. आवरणाच्या आतही तोच ओला लेप, एकसारख्या जाडीचा, जिथे ऑइल पोचायचं काही कारणच नाही. लेप नखाने खरवडल्यावर केसिंगच्या सांध्यातून लाल सिलिकॉन डोकावलं. कंपनीत तिथे कागदी पॅकिंग असतं. हेडच्या नटांचे कोपरे घासलेले, आणि घासलेल्या जागी धातू अजून चकचकीत. इतकी वर्षं न उघडलेल्या नटाला चकाकी कुठून येणार?

प्लग काढून आत बघा. पिस्टनच्या माथ्यावर काळा-तपकिरी कार्बन हवा. माथा खरवडलेला, त्यावर पंचाचे किंवा सळईचे गोल ठसे दिसले तर कुणीतरी ठोकून सोडवायचा प्रयत्न आधीच केलाय. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची बाजू बघा. उभ्या खोल रेघा आणि फासलेलं अ‍ॅल्युमिनियम दिसलं तर गाडी उभी राहून जाम झालेली नाही, चालता चालता तापून धरलेली आहे. गंजाने धरलेल्या बोअरमध्ये (ब्लॉकमधल्या पिस्टनच्या नळीत) लालसर डाग असतात, ओरखडे नसतात.

आता डिझेलबद्दल. चेतकचा ब्लॉक जवळजवळ आडवा असतो. गाडीवरच प्लगमधून तेल ओतलं तर ते बोअरच्या खालच्या बाजूला साचतं आणि पिस्टनभोवतीच्या रिंगांचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. पिस्टन खाली असेल तर एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतो, मग तेल थेट सायलेन्सरमध्ये. इंजिन उतरवून प्लगचं तोंड आकाशाकडे येईल असं टेकवून ठेवलं, तरच भिजवण्याला अर्थ आहे. गिअर ऑइल आधी काढा. साधारण २५० मिली निघायला हवं. दुधी निघालं तर पाणी गेलंय, पेट्रोलचा वास आला तर क्लचकडचं ऑइल सील गेलंय. या इंजिनातून काहीच निघालं नाही. ड्रेन बोल्टच्या भोकात बोट फिरवलं तर कोरडा गंज लागला.

भिजवायला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअर बॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, ४०-५० मिली पुरतं. हे दोन्ही नीट मिसळत नाहीत, ओतण्याआधी दर वेळी हलवावं लागतं, आणि अ‍ॅसिटोन भडका घेतं म्हणून जवळपास गॅस नको. आठवडाभर रोज थोडी भर घालत राहायचं. घाई करून गिअरमध्ये टाकून गाडी ढकलायची नाही, किकवर उभं राहायचं नाही. हा क्रँक प्रेसने बसवलेल्या तुकड्यांचा असतो; जोर लावला तर पिन जागच्या जागी फिरते, आणि मग इंजिन सुटलं तरी क्रँक वाकडाच.

विकणारा ‘दोन-चार दिवस डिझेल’ सांगतो त्यात आणखी एक मेख आहे. तेवढ्यात गाडी तुमच्या दारात येते, पैसे पोचलेले असतात आणि नंतर तुम्ही काही म्हणालात तर ‘तुमच्या मिस्त्रीने बिघडवलं’ म्हणायला तो मोकळा.

भिजवल्यावर हेड उतरवायचं: चारही नट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे. नट अडला तर उष्णता द्या, पान्याला पाइप लावून दांडगाई नको. स्टड तुटला किंवा केसिंगमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांसकट वर आला की काम दुप्पट. पिस्टन खरोखर धरलेला असेल तर ५७ मिमीच्या बोअरला ५०-५५ मिमी जाडीचा सागवानी ठोकळा घेऊन हलक्या हाताने ठोकतात. बारीक सळई मध्यभागी ठेवली तर माथा फुटतो. ग्रीस गन लावणंही चालतं: जुन्या प्लगचं कवच पोकळ करून त्यात निपल बसवतात. पण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनने सगळे पोर्ट (ब्लॉकच्या भिंतीतली भोकं) झाकलेले असतील तरच दाब धरतो, नाहीतर अर्धा डबा ग्रीस सायलेन्सरात जातं. कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही नाही. हवा दाबली जाते आणि पिस्टन अचानक गोळीसारखा सुटतो.

उष्णतेत बरेच मिस्त्री गफलत करतात. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे दोन्ही एकत्र भाजले तर पकड वाढते. ब्लॉक बाहेरून पटकन आणि चौफेर तापवायचा, पिस्टन गरम होण्याआधी ठोकायचं. किंवा तापवून पूर्ण थंड होऊ द्यायचं. गंजाची पकड त्या ताण-सैलीने तुटते आणि तेलाला वाट मिळते.

या इंजिनात यातलं काहीच करावं लागलं नाही. हेड निघालं आणि ब्लॉक दोन्ही हातांनी धरून ओढला तर स्टडवरून सरळ घसरत बाहेर आला. पिस्टन मोकळा होता! नुसता मोकळा नाही, बोअरमध्ये खडखडत होता. बोअर ५८ मिमीच्या आसपास गेलेला, पिस्टन त्याहून लहान साइजचा. जाम होता तो क्रँक. दोन्ही मेन बेअरिंगं आणि बिग एन्ड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गंजून एकजीव झालेले, कारण तो क्रँक कुठल्या तरी भंगाराच्या ढिगात पावसात पडून होता. ‘पिस्टन जाम’ म्हणून प्लगमधून ओतलेल्या थेंबाथेंबाचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

पुढचं सगळं त्याच चालीचं निघालं. मॅग्नेटच्या नटापुढे सर्क्लिप असते; नट सोडत गेलं की तोच सर्क्लिपला टेकून पंखा क्रँकच्या निमुळत्या टोकावरून उपसतो. इथे सर्क्लिप गायब, नट मोकळा हातात आला आणि पंखा जागेवर. आधीच्या कुणीतरी मागून ठोकून दोन पाती उडवलेली. पुलरने काढल्यावर शाफ्टच्या खाचेत हाफ-मून की (पंख्याला नेमक्या जागी धरणारा अर्धगोल तुकडा) नाही. की नसेल तर टायमिंगच बसत नाही; म्हणजे हे इंजिन या जोडणीत कधी चाललेलंच नाही. क्लचच्या खाचांच्या नटावर छिन्नीचे घाव. त्याला चार दातांचा खास सॉकेट लागतो, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तरी छिन्नी काही सुटत नाही.

केसिंगचे दोन भाग वेगळे करताना सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालायचा नसतो. बेअरिंगभोवती हॉट एअर गनने साधारण १०० अंशांपर्यंत तापवून लाकडी हातोडीने टकटक केलं की सुटतात. इथे सांध्यावर जुन्या पाचरीचे खड्डे होते आणि ते एम-सीलने बुजवलेले. त्याआधीच एक गोष्ट बोटाला लागली होती: ब्लॉक बसतो ते गोल तोंड दोन्ही भागांत निम्मं-निम्मं असतं आणि कारखान्यात दोन्ही भाग एकत्र जोडून कापलेलं असतं. जोडी मूळची असेल तर सांध्यावर नख अडकत नाही. इथे चक्क पायरी होती. अशा जोडीत क्रँकची बेअरिंगं एका रेषेत येत नाहीत. नवा क्रँक घातला तरी तो लवकर जातो.

आणि सगळ्यात महाग दुखणं कार्ब्युरेटरच्या खाली. या इंजिनात पेट्रोल-हवेची वाट क्रँकची कडाच उघडते-मिटते, केसिंगमधल्या घासून बसवलेल्या पॅडवर. त्या पॅडवर खोल ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील तर मिश्रण उलटं फेकलं जातं, गाडी पकडत नाही, कितीही कार्ब्युरेटर बदला. तपासायला सोपं: क्रँकने वाट मिटलेली असताना वरून थोडं टू-स्ट्रोक ऑइल ओता. चांगल्या पॅडवर ते थांबून हळूहळू झिरपतं. इथे लगेच गळून गेलं. हे केसिंग बाद.

शेवटचा प्रश्न आरटीओचा. इंजिन नंबर केसिंगवर, मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या बोल्टाजवळ ठोकलेला असतो. आरसीवरचा नंबर असलेला भाग या गाडीवर होता, म्हणून घेणाऱ्याची खात्री पटली. पण नंबर जुळला म्हणजे फक्त तेवढा अर्धा भाग जुळला. आता तो बाद करून दुसरी जोडी घालायची तर इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत करून घ्यावी लागणार, आणि ती जोडी कुठून आली त्याचं बिलही हवं.

जाम इंजिन गॅरेजला उघडायला देताना याच धंद्याची दुसरी बाजू दिसते. काढलेले फुटके पार्ट म्हणून दाखवतात ते तुमचेच असतात असं नाही. देण्याआधी ब्लॉकच्या एका फिनवर, पंख्याच्या मागे, क्लच कव्हरच्या आत पंचाचा बारीक ठिपका मारून फोटो काढा. रिबोअर केलं (बोअर मोठ्या मापाला कापला) म्हणतात आणि नुसतं होनिंग (आतून घासणं) करून देतात. लेथवाल्याच्या बिलावर बोअरचं माप मिमीत लिहून घ्या आणि पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघा.

विकणाऱ्याला सगळे फोटो पाठवल्यावर त्याचं उत्तर आलं, “जुनी गाडी आहे, जशी आहे तशी दिली.” त्याचाच ‘उघडलेलंच नाही’ हा मेसेज पुढे केल्यावर त्याने घासाघीस करत थोडे पैसे परत केले. तो मेसेज नसता तर तेवढेही सुटले नसते. म्हणून पावतीवर, फोनवर, कुठेही, पण विकणाऱ्याच्या शब्दांत एवढं लिहून घ्या: इंजिन आधी उघडलेलं आहे की नाही, केसिंगचे दोन्ही भाग मूळ जोडीचे आहेत का, जाम नेमकं काय आहे, पिस्टन की क्रँक, आणि हेड काढून बघितल्यावर वेगळं निघालं तर किती दिवसांत गाडी परत घेणार.